मंत्री चारठाण्याला आहेत

रेल्वेमंत्र्यांना कुणी मारलं, हे मला माहीत नाही. एवढं साधं वाक्य वेळेवर तोंडातून निघालं असतं, तर हे प्रकरण लिहायची पाळी आली नसती. पण त्या वयात ‘माहीत नाही’ म्हणणं मला कमीपणाचं वाटे. मॅट्रिक झालेला, वस्तीतला एकुलता एक सुवाच्य अक्षराचा माणूस, जयंतीचे बोर्ड रंगवणारा, लग्नपत्रिकांवर नावं घालणारा, सासुरवाशिणींची माहेरची पत्रं लिहून देणारा मी. मला माहीत नाही म्हणजे काय? उत्तरेकडच्या कुठल्याशा स्टेशनात, नव्या लाइनीच्या उद्घाटनाला, व्यासपीठाजवळ बाँब फुटला आणि दुसऱ्या दिवशी मंत्री गेले, ही बातमी पूर्णेला पोचली आणि मी त्या खुनाचा तपास हाती घेतला. सरकारनं नेमलेल्या लोकांना जे जमत नव्हतं, ते मी काही आठवड्यांत उरकलं. कट कुठं शिजला, कोणत्या नटीला आधी कळलं होतं, मेला तो खरा की नकली, सगळं. या तपासात एका माणसाची नोकरी तेवढी गेली. तो माणूस माझा सख्खा थोरला भाऊ होता.

आमचं घर तेव्हा रुळांपलीकडं, यार्डाच्या कुंपणाला पाठ टेकून उभं होतं. दोन खोल्या, वर पत्रे, पुढं पोत्यांचा आडोसा करून केलेली न्हाणी. शंटिंग सुरू झालं की मांडणीवरच्या ताटल्या थरथरायच्या आणि माय त्यांच्याकडं बघून ‘गप बसा गं बायांनो’ म्हणायची. त्याआधी आम्ही रेल्वेच्या क्वार्टरात होतो. दादा, म्हणजे माझा भाऊ रंगनाथ, इंजिनावर फायरमन होता. आदल्या साली मोठा संप झाला, त्यात तो सगळ्यांबरोबर उतरला. संप मोडला आणि ज्यांची नावं कमी झाली त्यांत त्याचंही निघालं. नोकरी गेली, मागोमाग क्वार्टर गेलं. वडील आधीच गेलेले. उरलो चौघं: माय, दादा, वैनी आणि मी.

नोकरी गेली तरी दादाचा कान नोकरीवरच होता. भाकरी मोडता मोडता शिटी ऐकू आली की घास हातात थांबायचा. ‘वायजी इंजन हाय,’ तो म्हणायचा, ‘वाफ लय वाया घालवायलाय. नवा गडी दिसतो.’ वैनी म्हणायची, ‘भाकर खावा आधी. इंजन काय पळून जायलंय?’ आणि लगेच जीभ चावायची, कारण इंजिन पळूनच गेलं होतं. त्याच्या जिभेचंही तेच. ड्युटीवर असताना फायरमन लोक फावडं धुऊन घेत, त्यावर वांगी आणि कांदे मांडून भट्टीच्या तोंडाशी धरीत. ती चव त्याच्या जिभेवर बसली होती. घरच्या चुलीत भाजलेलं वांगं त्याच्यापुढं ठेवलं की तो निमूट खायचा आणि शेवटी म्हणायचा, ‘चांगलं हाय. कोळशाचा वास न्हाई एवढंच.’ एकदा वैनीनं वैतागून यार्डाकडेला वेचलेला दगडी कोळसाच चुलीत घातला. घरभर काळा धूर झाला. माय खोकत बाहेर, शेजारची म्हातारी आग लागली म्हणून घागर घेऊन दारात. आणि आत दादा डोळे पुसत वांगं खात म्हणतोय, ‘आता जमलं बघ.’ डोळ्यांत पाणी धुरानंच आलं होतं, असं आम्ही सगळे धरून चाललो.

मंत्र्यांची बातमी खाजाभाईनं आणली. खाजाभाई दादाचा जुना ड्रायव्हर; वर्षानुवर्षं दोघांनी एकाच इंजिनावर काढलेली. तो संपात उतरला नव्हता आणि त्याची लाज त्याला अशी होती की ड्युटी सुटली की घरी जायच्या आधी तो आमच्या दारात येऊन बसे. ‘रंगनाथभाई,’ तो म्हणाला, ‘मिनिस्टर गया.’

‘कुठं गेला?’

‘अरे गया बोले तो गया. बाँब.’

संपात ज्यांचे संसार उधळले होते त्यांचा सगळा राग तेव्हा वरच्या माणसांवर होता, यात काही गुपित नाही. वस्तीतला एकजण ‘पेढे आणतो’ म्हणून उठलासुद्धा. दादानं त्याला हाताला धरून खाली बसवलं. ‘फलाटावर मेला त्यो,’ म्हणाला, ‘फलाट म्हंजे आपलं आंगण. आपल्या आंगणात माणूस मेल्यावर पेढे वाटतेत का रं?’ त्या दिवशी तो जेवला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय. पुढं त्याच्याविषयी कागदोपत्री जे लिहिलं गेलं, त्यात हे कुठंच नव्हतं.

मग अफवा यायला लागल्या. आमच्या जंक्शनात तीन बाजूंनी गाड्या येत आणि दर गाडीबरोबर वेगळा खुनी उतरे. मनमाडकडची माणसं सांगत, फीत कापायला मुंबईची एक नटी येणार होती, पण आदल्या दिवशी तिला अचानक ताप भरला. तिला आधीच कळलं होतं. अकोल्याकडच्या गाडीतून दुरुस्ती आली, की ताप नटीला नव्हे, तिच्या आईला होता आणि बाँब हार्मोनियमच्या पेटीत घालून आणला होता. सिकंदराबादची माणसं म्हणत, छे, एका ज्योतिषानं महिन्याआधी मंत्र्याला सांगितलं होतं की रुळाचं तोंड बघू नका. तो ज्योतिषी आता गायब आहे. त्या नटीचं नाव मी लिहीत नाही. तिच्या नावावर आम्ही पूर्णेकरांनी जे जे खपवलं, ते तिला स्वप्नातही ठाऊक नसेल. हल्ली माझा नातू मोबाइल पुढं धरून ‘आजोबा, ही आतली बातमी बघा’ म्हणतो, तेव्हा मी चष्मा न लावताच सांगतो, ही खोटी आहे. तो विचारतो, न वाचता कसं कळलं? मी काय सांगू? या धंद्यात आम्ही मीटरगेजच्या काळापासून आहोत.

आमचा धंदा चालायचा मालगाडीच्या डब्यांवर. कुठला डबा कुठं तोडायचा, भरलेला की रिकामा, दुरुस्तीला की पुढं, हे यार्डातली माणसं डब्याच्या अंगावर खडूनं लिहीत. संपानंतर ज्यांना इंजिनांच्या शेडच्या फाटकातून आत जायला बंदी होती, ते त्याच डब्यांवर आपल्या दोस्तांना निरोप धाडू लागले. आमच्या घरामागं सिग्नलसाठी गाडी थांबायची, दोन डबे कुंपणापासून हातभर अंतरावर. दादाचं अक्षर म्हणजे रुळावरून घसरलेली मालगाडी. म्हणून लिहायचं काम माझ्याकडं. ‘लिही,’ दादानं पहिल्यांदा सांगितलं, ‘रंगनाथ बरा आहे. मनमाडच्या दत्तूला सलाम.’ आठवडाभरानं, कसा कुणास ठाऊक, तोच डबा परत आला. माझ्या ओळीखाली दुसऱ्या कुणाचं अक्षर होतं: ‘दत्तू बरा नाही. मुतखडा.’

दादा हसला. नोकरी गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. कुंपणाच्या तारेला धरून तो खाली बसला आणि पोट धरून हसत राहिला, आणि वैनी आतून पिठाचे हात घेऊन ‘काय झालं, काय झालं’ करत आली. त्याला हसवायची किल्ली सापडली असं मला वाटलं. माझ्यासारख्या माणसाला किल्ली सापडली की तो कुलूप बघत नाही.

खुनाची हकिगत मी डब्यांवर हप्त्याहप्त्यानं लिहायला घेतली. मला नटी आणि हार्मोनियम फार साधं वाटत होतं. माझ्या हकिगतीत सिनेमातला एक मेकअपवाला होता. त्यानं एका हमालाला हुबेहूब मंत्री बनवलं, व्यासपीठावर गेला तो हमाल. खरे मंत्री आधीच निसटले. ‘कुठं गेले?’ असं खांडव्याच्या डब्यावर विचारून आलं. मी लिहिलं, ‘मंत्री चारठाण्याला आहेत.’ चारठाणा का, तर आमच्या जिल्ह्यातलं, जुन्या देवळांचं, आणि तपासणारा कुणी तिथं जाणार नाही म्हणून. पुढच्या डब्यावर आलं, ‘चारठाण्याला कुठं?’ मी लिहिलं, ‘जुन्या देवळात. दाढी वाढली आहे. ओळखू येत नाहीत.’ सिकंदराबादकडून एका डब्यावर तेलुगूत उत्तर आलं. खाजाभाईनं ते वाचून सांगितलं, ‘पूछते, बीवी को बोले क्या?’

पुढचं आम्हाला जिंतूरकडच्या एका गड्यानं सांगितलं. चारठाण्याच्या देवळांपाशी एक मुका बैरागी बसायचा. त्याच्यापुढं लोक अचानक नारळ ठेवायला लागले. मग अर्ज ठेवायला लागले. एकानं बदलीचा अर्ज ठेवला, एकानं विहिरीच्या तगाईचा. बैरागी मुका, त्याला ‘मी नव्हे’ म्हणता येईना. शेवटी तो वैतागून एक दिवस गाव सोडून गेला, तेव्हा तर सगळ्यांची खात्रीच पटली. हे ऐकून दादा इतका हसला की मायनं काळजीनं त्याची पाठ चोळली. त्या दिवशी वैनीनं मला साखरेचा चहा केला. घरात महिनोन्महिने गुळाचा होत होता. साखरेचा पेला हातात देताना ती म्हणाली, ‘भावजी, त्यायला असंच हसवीत ऱ्हावा. रातच्याला ते झोपाया लागलेत.’

मग रेल्वेचं पत्र आलं. टाइप केलेलं, खाली निळा शिक्का. रंगनाथ यांचा कामावर परत घेण्याविषयीचा अर्ज विचारात घेतला असून पुढील महिन्यात समक्ष हजर राहावे. मी ते मोठ्यानं वाचलं. मायला पुन्हा वाचून दाखवलं, शेजारच्या म्हातारीला वाचून दाखवलं, आणि वैनीला ती म्हणेल तितक्या वेळा. वैनीनं ट्रंकेतून दादाचे निळे कपडे काढले, धुतले, कुंपणावर वाळत घातले. त्यांच्यावर पुन्हा इंजिनाचा कोळसा पडला तरी ती रागावली नाही. माझं नशीबही त्याच आठवड्यात फळफळलं. जिल्हा परिषदेत कारकुनांच्या यादीत माझं नाव लागलं. चारित्र्याची पडताळणी पोलिसांकडून व्हायची तेवढी राहिली होती. एका घरात दोन नोकऱ्या येऊ घातल्या होत्या. माय जाता येता भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीला हात जोडायची आणि कुणाला सांगू नका म्हणत सगळ्यांना सांगायची.

त्या आनंदात मी शेवटचा हप्ता लिहिला. गाडी घरामागं उभी होती. मी टपोऱ्या अक्षरात लिहिलं: ‘खुनाची खरी हकिगत पूर्णा जंक्शनला. फायरमन रंगनाथला विचारा.’ मला त्यात खुनाचं काही पडलं नव्हतं. त्याच्या नावाआधी ‘फायरमन’ हा शब्द मला बघायचा होता, आणि सगळ्या लाइनीला दाखवायचा होता. मी दादाला हाक मारली. तो आला, तारेपलीकडून वाचू लागला.

‘आजून झालो न्हाई रं,’ तो म्हणाला.

‘व्हणारच हाईस की महिन्यानं.’

तो त्या शब्दाकडं बघत उभा राहिला. ‘पूस’ म्हणाला नाही. गाडीनं धक्का खाल्ला, डबे एकामागून एक हलले आणि ते अक्षर मनमाडच्या दिशेनं गेलं.

दोन आठवडे झाले असतील. ऊन कडक झालं होतं. वैनी आणि माय बाजेवर कुरडया घालत होत्या, आणि मी चुलीपाशी बसून पातेल्यात उरलेला गव्हाचा गरम चीक खात होतो. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली. साध्या कपड्यांतले दोघं चालत आले. त्यांतल्या वडीलधाऱ्यानं हातातला फोटो बाहेर काढला. डब्याचा फोटो, त्यावर माझं अक्षर.

‘रंगनाथ कोण?’

‘मी, साहेब.’

‘संपात होतात?’

‘व्हतो.’

‘हे कुणी लिहिलं?’

माझ्या तोंडात चीक होता. गरम चीक झटकन गिळता येत नाही आणि थुंकताही येत नाही. मी तोंड उघडं ठेवून दारात उभा राहिलो. दादानं मागं वळून माझ्याकडं एकदा बघितलं. मग तो म्हणाला, ‘म्या लिव्हलं, साहेब. गंमत केली.’

हे मी पुष्कळांना विनोद म्हणून सांगत आलो, की चिकानं माझं तोंड बंद केलं. लोक हसतात. पण चीक काही जन्मभर तोंडात राहत नाही. माझा घास उतरला, साहेब अजून तिथंच उभे होते, आणि मी ओठ पुसले.

साहेबांचा आवाज चढला नव्हता. ‘मंत्री मेलेत,’ ते म्हणाले, ‘आणि संपातला माणूस लिहितो, मला विचारा. आता आम्ही विचारायला आलो, तर म्हणता गंमत?’ फोटोकडं बघून त्यांनी विचारलं, ‘शिक्षण किती?’

‘चवथी.’

त्यांनी दुसऱ्याकडं पाहिलं. ‘चौथीचं अक्षर फार वळणदार आहे. सोमवारी परभणीला या. हेच आमच्यासमोर लिहून दाखवा. जुळलं तर ठीक. नाही जुळलं, तर या वस्तीत लिहिता येणारे जेवढे आहेत तेवढ्यांना एकेक करून बोलवावं लागेल.’ जाताना त्यांनी मायकडं पाणी मागितलं, प्याले आणि पेला उपडा ठेवून गेले.

वैनीचा पारा चढला. ‘काय सुचलं हो तुमाला?’ ती दादाला म्हणाली, ‘कामाचं पत्र आलेलं, आन् तुमी डब्यावर लिव्हीत बसलात? पोरासोरासारकं?’ तिला वाटलं, तिच्या नवऱ्यानंच कधी माझ्याकडून खडू घेऊन हा उद्योग केला. दादा म्हणाला, ‘चुकलं.’  मायनं कुरडया घालणं सोडलं नाही. तिच्या हातातला सोऱ्या वाकडातिकडा फिरत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादानं मला पोहायला म्हणून नदीवर नेलं. पात्र आटलं होतं, डोहात कमरेएवढं पाणी आणि काठाला पसरलेले काळे खडक. त्यानं खिशातून खडू काढला, खडकावर पाणी मारून तो हातानं पुसला आणि म्हणाला, ‘हं. शिकीव.’

‘काय शिकवू?’

‘तुपलं अक्षर.’

मी म्हणालो, ‘दादा, मीच जाऊन सांगतो. मीच लिव्हलं म्हणून.’

‘सांग. मंग तुपली नौकरी गेली. मपली तर जातीच. डब्यावर नाव कुणाचं हाय? मपलंच ना? दोनी कशाला घालवायच्या?’

‘पर तुझा अर्ज... पुढल्या महिन्याला...’

‘अर्जाचं ऱ्हाऊ दे,’ तो म्हणाला. ‘ख काढ.’

मी ख काढला. त्यानं त्याखाली काढला. त्याचा ख कुबडा आला. ‘ह्यो ख असा मधीच तुटका काहून हाय?’ त्यानं विचारलं.

‘स्टाइल हाय ती.’

‘स्टाइल!’ तो म्हणाला, ‘चवथीत ही स्टाइल दाखविली असती तर गुरुजीनं मपला कान तोडून हातात दिला असता. दाव पुन्यांदा.’

फायरमनचा हात होता तो. फावडं धरून धरून बोटं पूर्ण मिटायची नाहीत, खडू मधोमध मोडायचा. मी त्याचा हात माझ्या हातात धरून गिरवून घेतला. लहानपणी त्यानं माझा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं होतं, असं आता लिहावंसं वाटतं, पण ते खरं नाही. मी शाळेत जायला लागलो तोवर तो कोळशाच्या ढिगावर कामाला लागला होता. माझा हात कुणी धरला नव्हता. त्याचा मी धरला, आणि तो यासाठी. फ त्याला शेवटपर्यंत जड गेला. ‘फायरमन’ शब्दाशी आला की त्याचा हात सावकाश व्हायचा. मी म्हणालो, एवढं सावकाश लिहिलंस तर त्यांना संशय येईल. तो म्हणाला, ‘येवढा शबूद नीट लिव्हू दे.’ दोन दुपारी आम्ही तसे बसलो. खडकावर लिहायचं, पाणी मारायचं, पुन्हा लिहायचं. रविवारी ऊन उतरताना त्यानं एका दमात सबंध ओळ लिहिली आणि माझ्याकडं बघितलं. ती माझीच ओळ होती. माझ्या अक्षराला जी थोडी मिजास होती, तीसुद्धा त्यात उतरली होती. मला रडू आलं, तेव्हा तो म्हणाला, ‘येड्या, गुरुजी रडत असतेत का? पाणी मार त्याच्यावर.’

सोमवारी मी त्याच्याबरोबर परभणीला गेलो. तो पोलीस कचेरीत गेला, मी बाहेर लिंबाखाली बसलो. आत जाऊन खरं सांगायला मला पंधरा पावलं चालायची होती. मी ती मोजली होती. दादा बाहेर आला तो बोटांवरचा खडू झटकत. ‘पास झालो,’ म्हणाला, ‘पह्यल्या नंबरानं.’ त्यांनी त्याला डांबलं नाही, मारलं नाही; तंबी दिली, कागदावर सही घेतली आणि सोडलं. कागद तेवढा त्याच्या नावाच्या फायलीत जाऊन बसला. पुढच्या महिन्यात रेल्वेचं एका ओळीचं पत्र आलं. ते मी कुणाला मोठ्यानं वाचून दाखवलं नाही. माझी पडताळणी स्वच्छ निघाली आणि मी परभणीला रुजू झालो. दादाला पिंगळीला एका पिठाच्या गिरणीत डिझेल इंजिन चालवायचं काम मिळालं. तो तिकीट काढून पॅसेंजरनं जायचा. ‘इंजन ते इंजन,’ म्हणायचा.

पुढं राज्य बदललं आणि संपातले सगळे परत घेतले गेले. शेडच्या फाटकाशी ताशे वाजले. दादाही गेला, हार घेऊन. त्याला तेवढं घेतलं नाही; त्याचं प्रकरण आता संपाचं नव्हतं, वेगळं होतं. त्याच्या फायलीत स्वतःच्या हातानं लिहिलेली कबुली होती. त्यानं एकेकाच्या गळ्यात हार घातले आणि घरी येऊन कुणाला कुठलं इंजिन मिळालं ते मायला सांगितलं. त्या दिवशी वैनी मला म्हणाली, ‘भावजी, तुमी लिव्हणारे माणूस. सरकारी हापिसात बसता. भावासाठी येक अर्ज लिव्हून बघा की.’ मी ‘लिहितो’ म्हणालो. आणि लिहिला नाही. खरा अर्ज लिहायचा तर त्यात मी यायला हवा होतो. तोवर माझं लग्न ठरलं होतं, नोकरी पक्की व्हायची होती, मग मूल झालं, मग बढती. प्रत्येक वर्षाकडं त्याचं कारण तयार असायचं. वैनीनं आणखी दोनदा विचारलं आणि मग सोडून दिलं. त्यानंतर ती मला भावजी म्हणाली नाही. मी गेलो की ‘बसा, साहेब’ म्हणायची आणि ताट वाढायची. दादा ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

हे छापून आलं तर वैनीला तिची नात वाचून दाखवील. दाखवावं. मला समोर बसून सांगता आलं नाही.

दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. जलदान विधी झाला, पाहुणे पांगले, आणि वैनीनं आतून एक पत्र्याची पेटी आणून माझ्यापुढं ठेवली. ‘ह्यात काय काय हाय बघा, साहेब. मला काय कळतंय?’ पेटीत कागदांचा गठ्ठा होता. रेल्वेला केलेल्या अर्जांच्या नकला, दर वर्षाची एक, प्रत्येकीला टाचलेली पोष्टाची पावती. मजकूर दर वेळी तोच. मालगाडीच्या डब्यावरील मजकूर मीच गमतीने लिहिला होता. त्यात दुसऱ्या कोणाचाही संबंध नाही. झाली चूक माफ करून सेवेत घ्यावे. शेवटच्या अर्जात नोकरी मागितलेली नव्हती. नोकरीचं वय उलटून गेलं होतं. आपल्या नावापुढचा शेरा तेवढा खोडावा, एवढंच होतं. आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक अक्षर माझं होतं. तुटका ख, ऐटदार फ. त्या दोन दुपारनंतर त्याचं स्वतःचं अक्षर परत आलंच नव्हतं, किंवा त्यानं ते येऊ दिलं नव्हतं.

वैनी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. तिनं कागदावर बोट ठेवलं.

‘ह्ये तुमचं अक्षर ना, भावजी?’ ती म्हणाली. ‘मला वाचता येत न्हाई, पर वळखू येतं. मपल्या मायला पत्रं तुमीच लिव्हून द्यायचे.’

मी टाचलेल्या पावत्या सारख्या करत राहिलो.

‘म्हंजी दरसाल तुमी लिव्हून देत व्हते त्यायला. आन् त्यायनं मला कदी म्हून सांगितलं न्हाई बघा. म्या आपली साहेब साहेब म्हणून टोचीत ऱ्हायले तुमाला.’ तिचा आवाज फुटला. ‘तुमीच लिव्हलेत ना हे?’

मी ‘हो’ म्हणालो.

वैनी माझ्याहून वयानं आणि नात्यानं मोठी. तिनं माझ्यापुढं हात जोडले, ‘चुकलं मपलं, भावजी,’ म्हणाली, डोळे पुसत आत गेली आणि ताट वाढून आणलं. मी जेवलो.